दोन चिपांचं कार्ड आणि एकच बाण

हे लिहायचंच नाही, असं शास्त्रज्ञाने जवळजवळ ठरवलं होतं. लिहायला बसला, उठला. परत बसला, परत उठला. इज्जतीचा प्रश्न होता. पण मग जिन्यात या प्रकरणाच्या भलत्याच आवृत्त्या फिरायला लागल्या. एका आवृत्तीत त्याने घरात गिरणी टाकली होती. दुसरीत त्याने स्वयंपाकघरात कुठला तरी जंगली प्राणी पाळला होता आणि त्याने लाईटची वायर चावली. तेव्हा म्हटलं, खरं काय ते एकदा टाईप करून टाकावं. 'मी' म्हणून लिहायला बोटं तयार होईनात, म्हणून तिसऱ्याच कुणाचं असल्यासारखं लिहिलंय. असं लिहिलं की जरा कमी लागतं.

तर शास्त्रज्ञ. हे टोपणनाव. शेजारच्या काकूंचा बंद पडलेला टीव्ही त्याने एकदा डाव्या अंगाला चापट मारून सुरू केला, तेव्हापासून सगळी बिल्डिंग त्याला शास्त्रज्ञ म्हणते. आधी चेष्टेने म्हणायची, आता सवयीने. तो एका छापखान्यात कम्प्युटरवर बसतो, दुकानांच्या पाट्या आणि व्हिजिटिंग कार्डं जुळवून देतो. हे काम त्याला कुणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. त्यामुळे आपल्याला येतं ते कुठे संपतं आणि येत नाही ते कुठे सुरू होतं, ही हद्द त्याची त्यालाच नीट माहीत नाही. आणि 'माहीत नाही' हे दोन शब्द त्याच्या तोंडात कधी बसलेच नाहीत. कुणी रस्ता विचारला तर तो रस्ता सांगतो. ठामपणे, हात लांब करून. भलतीकडे गेलेला माणूस तक्रार करायला परत येत नाही, म्हणून त्याचा रेकॉर्ड आजवर स्वच्छ होता.

दुसरा बोका. हा शास्त्रज्ञाचा शाळेपासूनचा मित्र. डोळे घारे, चालताना पायाचा आवाज नाही, म्हणून बोका. तो चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे नंबर तपासतो. त्याच्या मालकाने लांबच्या एका शहरात दुसरं दुकान काढलं होतं आणि महिनाअखेरीस बोका तिकडे जाणार होता. बढती होती, त्यामुळे रडायचीही सोय नव्हती.

दोघं मिळून रणगाड्यांचा एक गेम खेळायचे. एका रणगाड्यात दोन माणसं. बोका आपल्या घरून गाडी हाकणार, शास्त्रज्ञ आपल्या घरून तोफ डागणार, आणि हेडफोनमधून दोघं एकमेकांच्या नावाने शंख करणार. समोर दर वेळी तीच जोडी : पलीकडच्या बिल्डिंगमधले निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. हो. मास्तर आणि बाई. दुपारचं जेवण झालं, औषधाच्या गोळ्या घेतल्या की ती दोघं रणगाड्यात बसतात. मास्तर गाडी चालवतात आणि बाई तोफ चालवतात, आणि बाई अशी काही तोफ चालवतात की आयुष्यभर वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला खडू कसा मारला असेल याची कल्पना येते. दर वेळी शास्त्रज्ञ आणि बोका हरायचे. हरले की हेडफोनमधून बाईंचा आवाज यायचा, "उगी, उगी. पुढच्या वेळी हं."

हे 'उगी उगी' शास्त्रज्ञाच्या काळजात रुतून बसलं होतं.

"आपला खेळ वाईट नाहीये," एकदा तो बोक्याला म्हणाला. "कम्प्युटरमधलं चित्र काढणारं कार्ड मार खातंय. चित्र अडकतं रे. मी तोफ फिरवतो तेव्हा बाई दिसतात, आणि डागतो तेव्हा बाई तिथून निघून गेलेल्या असतात."

"म्हणजे चांगलं कार्ड घेतलं की बाई हरतील?"

"शंभर टक्के."

"मी जायच्या आधी एकदा तरी हरवायला पाहिजे यार त्यांना. एकदाच."

बोका हे इतकं मनापासून म्हणाला की शास्त्रज्ञाने त्याच संध्याकाळी अभ्यासाला सुरुवात केली. अभ्यास म्हणजे एक व्हिडिओ. व्हिडिओ ज्या भाषेत होता ती भाषा त्याला येत नव्हती, पण दाखवणारा माणूस मान फार जोरात हलवत होता. त्याच्या हातात एक भलंमोठं ग्राफिक्स कार्ड होतं आणि त्यावर एकाच्या जागी दोन चिपा होत्या. दोन! तो माणूस आधी एका चिपेवर बोट ठेवायचा, मग दुसरीवर, मग दोन्ही हात पसरून हसायचा. शास्त्रज्ञाला एवढं पुरलं.

"बोक्या, ऐक. एका कार्डात दोन चिपा. म्हणजे एका कम्प्युटरमध्ये दोन कम्प्युटर. दोन स्क्रीन लावायचे, दोन माऊस. एक चिप तुझी, एक माझी. तू तुझ्या चिपेवर गाडी चालव, मी माझ्या चिपेवर तोफ. शेजारी शेजारी बसून! पैसे अर्धे-अर्धे."

"असं चालतं?"

खरं तर इथे थांबायला पाहिजे होतं. इथे एक साधं वाक्य होतं, ते म्हणायला हवं होतं.

"शंभर टक्के," शास्त्रज्ञ म्हणाला.

"आणि मी जाईन तेव्हा? माझी चिप काढून देशील ना?"

"स्क्रू असतात त्याला," शास्त्रज्ञ म्हणाला. कार्डाला स्क्रू होते, हे त्याने व्हिडिओत डोळ्यांनी पाहिलं होतं. चिपेला असतात की नाही ते पाहिलं नव्हतं, पण एवढ्या तपशिलात जायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी बोका हसत हसत आला. "झालं काम. माझा कम्प्युटर विकला."

"विकलास? अख्खा?"

"मग माझा अर्धा वाटा कुठून आणू? आणि आता तो लागतोय कशाला? तूच म्हणालास ना."

तूच म्हणालास ना. शास्त्रज्ञाने पाकीट काढून आपला अर्धा वाटा मोजायला घेतला.

कार्ड जुनं मिळालं. कार्टून बनवणारा एक माणूस धंदा बंद करत होता, त्याच्याकडे. त्याने दोघांना खुर्ची दिली, चहा दिला, कार्डाची तारीफ केली आणि कार्ड हातात दिल्यावर फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकाशी त्याने आकाशाकडे बघून मोठा श्वास सोडला. वस्तू विकल्यावर माणूस इतका हलका होतो, याचा अर्थ त्याच वेळी कळायला हवा होता. पण शास्त्रज्ञाला वाटलं, बिचाऱ्याला वाईट वाटतंय.

कार्ड लांबीला हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत, आणि वजन असं की बोक्याने ते टॉवेलात गुंडाळून बसमध्ये मांडीवर घेतलं. खड्डा आला की तो त्याला छातीशी धरायचा. शेजारच्या सीटवरच्या आजींना राहवेना.

"किती महिन्यांचं?" त्यांनी विचारलं.

"जुनं आहे, आजी," बोका म्हणाला. "पण चांगल्या घरातलं आहे."

आजी उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत होत्या.

घरी आल्यावर कळलं की कार्ड कम्प्युटरच्या डब्यात मावत नाही. वीतभर बाहेर राहतं. शास्त्रज्ञाने डब्याचा पुढचा पत्रा कापला. कापताना आई दारात उभी होती.

"चांगला होता की तो डबा," ती म्हणाली.

"हवा खेळायला पाहिजे, आई."

"मग खिडकीत ठेव."

कार्ड बसलं. अर्धं आत, अर्धं बाहेर, जसा एखादा माणूस रेल्वेच्या दाराशी उभा असतो. चिपांवर तांब्याचे दोन जाडजूड ठोकळे होते. कुठला कुणाचा यावर पुढे भांडण नको, म्हणून ताई घरी विसरून गेलेली लाल नेलपॉलिश काढली. डाव्या ठोकळ्यावर बोक्याने स्वतःच्या हाताने मांजराचं तोंड काढलं. उजव्यावर शास्त्रज्ञाने नुसता ठिपका दिला. शास्त्रज्ञ माणसाला ठिपका पुरतो.

सुरू करायच्या आत खालच्या मजल्यावरचे वीजवाले काका आले. हे वीज खात्यातून निवृत्त झाले, पण वीज अजून त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. कुठल्याही घरात नवीन वस्तू आली की त्यांना जिन्यातूनच वास येतो.

"लोड किती?" त्यांनी विचारलं.

"बसेल काका, आरामात."

"या साध्या प्लगवर? घर जाळायचंय का? याला जाडा प्लग लागतो. गिझरचा नाहीतर ओट्याचा."

गिझर बाथरूममध्ये. म्हणजे राहिला ओटा.

आईची समजूत घालायला बाबांना मध्ये घ्यावं लागलं. बाबांचा कशालाच विरोध नसतो, फक्त त्यांना कुणी विचारलेलं आवडतं. शेवटी अटी ठरल्या. कम्प्युटर ओट्याच्या डाव्या टोकाला. स्क्रीन दोन, पण शेगडीपासून लांब. कार्ड चालू असताना मिक्सर, इस्त्री आणि गिझर बंद. आणि स्वयंपाकाची वेळ झाली की युद्ध जिथे असेल तिथे थांबवायचं.

"रणगाडा मध्येच थांबत नाही, आई."

"माझा कुकर पण थांबत नाही."

बटण दाबलं. कार्डाचे पंखे सुरू झाले. आधी गुणगुण, मग घरघर, मग असा आवाज की ओट्यावरचे चमचे हलायला लागले आणि मधल्या भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं, "भूकंप आहे का हो?" पाच मिनिटं झाली नाहीत तोच सोसायटीचे सेक्रेटरी दारात. सेक्रेटरींना बिल्डिंगच्या हिताची इतकी काळजी की ते जिना चढताना कठडासुद्धा जपून धरतात.

"गिरणी टाकलीत?"

"नाही हो. कार्ड आहे."

"कसलं कार्ड इतकं ओरडतं? परवानगी घेतलीत?"

परवानगीचे सोसायटीत दोनच प्रकार होते. बांधकाम आणि पाळीव प्राणी. बांधकामाला सगळ्या सभासदांची सभा लागते आणि सभेला सगळे सभासद आजवर कधी आलेले नाहीत. सेक्रेटरींनी बराच विचार केला. कार्डाभोवती एक फेरी मारली. हात जवळ नेऊन बघितला.

"गरम लागतंय. आवाज करतं. भिंत पाडत नाही." त्यांनी मान हलवली. "पाळीव प्राण्यात बसतं."

"अहो पण—"

"शेजाऱ्यांची हरकत नसली पाहिजे. लिफ्टमधून न्यायचं नाही. जिन्यात मोकळं सोडायचं नाही. दुपारी दोन ते चार आवाज आला की परवानगी रद्द. चावतं का?"

"नाही," शास्त्रज्ञ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला खात्रीचं उत्तर देता आलं होतं, आणि ते या प्रश्नाला.

असो. अखेर ती वेळ आली. दोन स्क्रीन उजळले. दोन खुर्च्या, दोन कीबोर्ड, दोन माऊस. आई, बाबा दारात. बोक्याने हात पँटला पुसले आणि आपला माऊस धरला. शास्त्रज्ञाने आपला धरला.

"तुझ्या स्क्रीनवर तू ये," शास्त्रज्ञ म्हणाला, "मी माझ्यावर जातो."

बोक्याने माऊस डावीकडे ओढला. स्क्रीनवरचा बाण डावीकडे गेला. शास्त्रज्ञाने उजवीकडे ओढला. तोच बाण उजवीकडे आला. बोक्याने ओढला, डावीकडे. शास्त्रज्ञाने ओढला, उजवीकडे. दोघांनी एकदम ओढला, तेव्हा बाण मधोमध उभा राहून थरथरायला लागला.

दोघांनी आपापला माऊस सोडला. पंखे तेवढे ओरडत होते.

"बाण एकच आहे," बोका म्हणाला.

"हं."

"माऊस दोन आहेत. चिपा दोन आहेत. बाण एकच कसा?"

इतकी साधी गोष्ट! चिप दोन असो नाहीतर दहा, कम्प्युटर एकच असतो, आणि एका कम्प्युटरला एकच माणूस बसतो, हे एखाद्या शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. त्याला नव्हतं सुचलं. बोक्याला सुचलं होतं, पण बोक्याने त्याच्यावर विश्वास ठेवला होता.

"सेटिंग असेल काहीतरी," तो म्हणाला, आणि सेटिंग शोधायच्या निमित्ताने एकट्यानेच गेम सुरू केला. चित्र झकास आलं. रणगाड्याच्या पत्र्यावरचा गंज दिसत होता. बोक्याने तिकडे बघितलंच नाही. त्याने वाकून आधी मांजराच्या तोंडावर बोट ठेवलं, मग लाल ठिपक्यावर ठेवलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"तुझी चिप तापलीये," तो म्हणाला. "माझी थंडगार आहे."

"थांब ना, तापेल."

"सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी बसलीये माझी चिप. काही कामच करत नाहीये!"

"अरे, मी मुद्दाम केलं का?"

"मला काय माहीत? सेटिंग तुझ्या हातात. कम्प्युटर तुझा. ओटा तुझ्या आईचा. माझं काय आहे इथे? एक थंड ठोकळा!"

शास्त्रज्ञाने घाईघाईत जिथे जिथे टिचकी मारता येईल तिथे मारून दुसरी चिप कामाला जुंपली. जुंपली गेली. मांजराचं तोंड तापलं. पण आता चित्राला उचकी लागली. आधी रणगाडा पुढे यायचा, मग मागून त्याची तोफ यायची, जशी बाजारात पुढे नवरा आणि मागे पिशव्या. एक चिप एक चित्र काढत होती, दुसरी दुसरं, आणि दोघींचं आपसात काही ठरलेलं नव्हतं.

"म्हणजे एक चिप चाललेली बरी, दोन चालल्या की वाटोळं," बोका म्हणाला. "आणि ती एक तुझी."

त्याने टॉवेल उचलला, घडी केली, काखेत मारला आणि निघून गेला. पायाचा आवाज पहिल्यांदाच आला.

मग शास्त्रज्ञाने ते केलं जे कार्ड घेण्याआधी करायचं असतं. वाचलं. व्हिडिओतले हात बघण्याऐवजी अक्षरं वाचली. आणि जसजसं वाचत गेला तसतसे त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. गेमला दोन चिपा वापरायला शिकवावं लागतं. गेम बनवणाऱ्यांनी ते शिकवणं कधीच सोडून दिलं आहे. बहुतेक गेम एका चिपेवर चालतात आणि दुसरी नुसती वीज पिते, ऊब देते. दोन चिपांच्या जुन्या कार्डापेक्षा एका चिपेचं साधं नवं कार्ड बरं. हे सगळ्या जगाला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं. चिप काढून नेता येते का, हे तर कुणी विचारलेलंच नव्हतं. असा प्रश्न पडणारी माणसं जगात दोनच होती आणि दोघं एकाच ओट्यावर बसली होती.

व्हिडिओसुद्धा त्याने पुन्हा लावला, या वेळी खाली भाषांतराची अक्षरं उमटवून. तो माणूस दोन्ही हात पसरून हसत म्हणत होता, 'हे अजिबात घेऊ नका.'

छापखान्यात जेवणाची सुट्टी झाल्यावर तो चष्म्याच्या दुकानात गेला. बोका एकटाच होता. शास्त्रज्ञ काही बोलायच्या आत बोक्याने त्याला तपासणीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं, तो बसल्यावर नंबर तपासायची जड लोखंडी फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि उजव्या डोळ्यावर काळी चकती टाकली.

"वाच."

"बोक्या, मला सांगायचंय—"

"खालची ओळ वाच."

"दिसत नाही."

"बघ, येतं की तुला खरं बोलता." बोक्याने काच बदलली. "आता? ही बरी की आधीची?"

"बोक्या, गेम एकच चिप वापरतो. दुसरीचा काही उपयोग नाही. कधीच नव्हता. मला हे..." त्याने नाकावरची फ्रेम सरळ केली. "मी व्हिडिओ बघितला होता. भाषा कळली नव्हती."

बोक्याचा हात काचांच्या पेटीवर थांबला. "भाषाच कळली नव्हती?"

"तो मान हलवत होता."

"आणि माझी चिप? स्क्रू काढून?"

"निघत नाही. काढली तर दोन्ही मरतात."

बोका गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. बराच वेळ समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिला, जणू खालची ओळ त्यालाही दिसत नव्हती. "मी माझा कम्प्युटर विकला यार," तो शेवटी म्हणाला. ओरडून नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तिकडे मला ओळखणारं कुणी नाही. म्हटलं, दुकान बंद करून आलो की तू असशील. हेडफोनवर. शिव्या देत."

शास्त्रज्ञाच्या नाकावरची फ्रेम एकदम फार जड झाली. तोपर्यंत त्याला वाटत होतं की आपली इज्जत गेली. आत्ता कळलं की गेलेलं भलतंच काहीतरी होतं.

बोका उठला आणि त्याच्या डोळ्यावरची काळी चकती काढली. "नंबर लागलाय तुला," तो म्हणाला. "बाई दिसायच्या आणि निघून जायच्या, त्याचं कारण कार्ड नव्हतं. तुझा डावा डोळा आहे."

म्हणजे कार्ड घ्यायची गरजच नव्हती. चष्मा घ्यायचा होता!

"रविवारी आहे ना मॅच?" बोक्याने विचारलं. "दुपारी तुमच्याकडे आवाज चालत नाही, म्हणून मास्तरांना सकाळीच बसा असं सांगून ठेवलंय. शब्द मोडायचा नाही."

रविवारी सकाळी ओट्यापुढे दोघं एकाच स्क्रीनसमोर बसले. शास्त्रज्ञाच्या नाकावर नवा चष्मा. एक कम्प्युटर, म्हणजे रणगाड्यात एकच खेळाडू. त्यावर बोक्यानेच तोड काढली : कीबोर्डवर तो, माऊसवर शास्त्रज्ञ. एका माणसाचे दोन हात दोघांत वाटून घ्यायचे. मांजराचं तोंड थंड, लाल ठिपका तापलेला. ओट्याजवळ भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. बोक्याच्या शर्टाचा रंग घामाने बदलला होता.

"डावीकडे घे!"

"घेतलं! तू वर बघ, वर! पुलाखाली आहेत बाई!"

"दिसल्या! अरे बोक्या, दिसतायत रे! हलत नाहीयेत! साफ दिसतायत!"

"ओरडू नकोस, मार!"

आई कुकर विसरून उभी होती. भिंतीपलीकडच्या काकूही येऊन ठेपल्या होत्या. बाई वळत होत्या, त्यांची तोफ हळूहळू इकडे येत होती. शास्त्रज्ञाने श्वास धरला आणि माऊस दाबला. गोळा निघाला. गोळा पुलाच्या कमानीखालून सरळ गेला, आणि...

फट्. स्क्रीन काळा, पंखे बंद, फ्रीज गप्प, जिन्यातला दिवा बंद, खालच्या मजल्यावरचा रेडिओ बंद. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अशी शांतता झाली की कुकरसुद्धा दचकून शिट्टी द्यायचा थांबला.

बाथरूमच्या दारातून बाबा बाहेर आले. "पोरगा घामाने नुसता निथळतोय," ते म्हणाले. "म्हटलं, आंघोळीला गरम पाणी काढावं. गिझर लावला."

खालून वीजवाले काकांचा आवाज आला, "लोड! मी सांगत होतो! लोड!" आणि त्यात केवढा आनंद होता म्हणून सांगू. मागोमाग सेक्रेटरी कठडा धरून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "परवानगी रद्द. आजच्या आज बाहेर. लिफ्टमधून नाही."

तेवढ्यात फोन वाजला. बाई होत्या.

"बाळा, कुठे गायब झालात?"

"लाईट गेली, बाई. गोळा... गोळा लागला का?"

"लागला की! आमचं चाकच उडालं. हे तर खुर्चीतून उठलेच." मागून मास्तर काहीतरी म्हणाले. "पण तुम्ही खेळातून गेलात ना, म्हणून जिंकलेलं आम्हालाच दाखवतोय. काय करणार. उगी, उगी." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आज तुमच्यातला एकच जण खेळत होता ना रे? छान खेळला हं. त्यालाच खेळवत जा."

शास्त्रज्ञाने बोक्याला सांगितलं. बोक्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. बाहीला तोंड पुसताना माणूस हसतोय की काय करतोय ते कळत नाही, चष्मा असला तरी.

बोका जायच्या दिवशी शास्त्रज्ञ बसस्टँडवर मोठं खोकं घेऊन आला. खोक्यात त्याचा कम्प्युटर होता. कापलेल्या पत्र्याला आतून पुठ्ठा लावलेला, आणि जागेवर पुन्हा त्याचं जुनं, एका चिपेचं, मार खाणारं कार्ड.

"हे काय?"

"तुझा. मी तुझा विकायला लावला ना."

"आणि तू कशावर खेळणार?"

"छापखान्यातल्यावर. मालकांना विचारलंय. सुट्टीच्या दिवशी बस म्हणाले, पंखा लावायचा नाही या अटीवर."

"आणि आपलं ते?"

"गॅलरीच्या दाराला लावलंय, वाऱ्याने आपटतं म्हणून. हलत नाही आता. सेक्रेटरी येऊन बघून गेले. वस्तू म्हणून राहू दे म्हणाले, प्राणी म्हणून नाही. मांजराचं तोंड बाहेरच्या बाजूला केलंय."

बोका हसला. खोकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसला, अगदी त्या दिवशीच्या टॉवेलासारखं छातीशी धरून. मग त्याने मान बाहेर काढली.

"एक वचन दे. पुढच्या वेळी मी तुला काहीही विचारलं, आणि तुला ते माहीत नसलं, तर 'माहीत नाही' म्हणायचं. शंभर टक्के नाही. मान हलवायची नाही. नुसतं 'माहीत नाही'."

"दिलं."

"जमेल तुला?"

शास्त्रज्ञाच्या जिभेवर 'शंभर टक्के' येऊन उभं राहिलं. बस सुरू झाली. त्याने ते दोन शब्द गिळले. घशातून खाली जाताना ते चांगलेच जड गेले, त्या कार्डासारखे.

"माहीत नाही," तो बसबरोबर चालत म्हणाला. "पण वचन दिलंय."